शेकाची लाकडं

ब्राह्मणपुरी, ता. शहादे
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५९

प्रिय तापीवहिनी,

तुला, तुझ्या आईला आणि घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं मी तुमच्या म्हसावदला ये-जा करणाऱ्या रूपचंदभाऊला बजावलं आहे. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे. जोडाक्षर अडलं तर त्यावर बोट ठेव आणि थांब, आपण ओट्यावर पाटी घेऊन बसायचो तेव्हा थांबायचीस तशी. पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

आधी कामाचं. मंगळवारी रूपचंदभाऊ सायकलवर निरोप घेऊन आला होता, तोच पुन्हा लिहिते. तू माहेरी गेलीस तेव्हा गाडीत तुझ्याबरोबर सागाच्या लाकडांची मोळी दिली होती. त्यातलं एकही ढलपं जाळायचं नाही. चुलीत नाही आणि आंघोळीच्या पाण्याखालीही नाही. उरली असतील तेवढी रूपचंदभाऊच्या हवाली कर. जी जळली असतील त्यांची राख भांडी घासायला घेऊ नका, तीही त्याच्याकडे दे. कारण पुढे लिहिते.

घरी ठीक आहे. म्हैस व्याली, पारडी झाली. कापसाची पहिली वेचणी उरकली, दुसरी सुरू आहे. नवी कडुनिंबाची दारं पावसाळ्यात फुगून लागत नव्हती, आता बरी बसतात. आबांनी त्यांना रंग नाही दिला, तेलसुद्धा नाही. मगनभाऊ शेतातच असतो. जेवायला घरी येतो, पण ओसरीवर बसून जेवतो आणि परत जातो. तुझी चौकशी तोंडानं करत नाही. रूपचंदभाऊ म्हसावदहून आला की मात्र त्याच्या सायकलीची साखळी बघायला जाऊन उभा राहतो.

माय बरी आहे.

वहिनी, रूपचंदभाऊला तुझ्या आईनं जे सांगितलं ते त्यानं मला सांगितलं. तू पोरीला पाजतेस आणि पाजून झालं की लगेच खाली ठेवतेस. ती रडली तर तुझी आई उचलते. तू तिच्या तोंडाकडे बघत नाहीस. भिकन गेला त्या दिवशी शेजारच्या दगूकाकू दारात उभं राहून काय म्हणाल्या, ते मीही ऐकलं होतं. "ती भाऊले खाईसनच उनी." दगूकाकूंच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. पण त्यांचे शब्द तू बरोबर घेऊन गेलीस हे मला कळायला महिना लागला.

तुझ्या लेकीनं कुणाला खाल्लं नाही. हे मी धीर द्यायला लिहीत नाही. मला हे आता नक्की ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

तुला सगळं आठवत असेल, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. मधलं एक जरी सोडलं तर पुढचं तुला पटणार नाही.

गेल्या वर्षी मी बडोद्याहून बी.एस्सी. होऊन आले, तेव्हा भिकन अडीच वर्षांचा होता. पिवळा पडलेला, चिडका. पोट दुखतं म्हणून पाय जवळ घेऊन पडायचा. तुम्ही म्हणायचात, माती खातो. मीही तेच धरून चालले. मग एकदा मी दुपारच्या सावलीत दाराशी वाचत बसले होते. तो माझ्याजवळ आला, दाराच्या चौकटीवरचा सुटलेला पोपडा त्यानं नखानं उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा माझ्यापुढे, आपल्या आत्यापुढे, धरला. म्हणाला, "फुई, गोड शे. तू बी खाय."

रंग गोड लागतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. सफेदा म्हणून जो पांढरा रंग जवसाच्या तेलात कालवून दारांना देतात, तो म्हणजे शिशाची भुकटी. खालचा लाल हात शेंदराचा, तोही शिशाचाच. आणि आपल्या घराची चाल तुला माहीत आहे. लग्न निघालं की दारांना नवा हात द्यायचा, जुना खरवडायचा नाही. जुन्या रंगावर नवा रंग म्हणजे घरात लक्ष्मी थरावर थर चढते, असं आजोबा म्हणायचे. आजोबांच्या लग्नापासून तुझ्या लग्नापर्यंत त्या दारांवर किती हात चढले असतील! तुझ्या वेळचा हिरवा सगळ्यात वरचा. पश्चिमेचं ऊन खाऊन तोच पहिला सुटला.

नंदुरबारला दवाखान्यात भिकनला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा ओठ उलटून हिरडीवरची निळसर रेघ मला दाखवली. तुला तेव्हा फक्त एवढंच सांगितलं की रंग पोटात गेलाय. डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, तेही आज लिहिते. "याच्या आधीची मुलं?" मी म्हटलं, दोन राहिली नाहीत, म्हणून तर याचं नाव भिकन. ते चष्मा पुसत बसले. त्या दोघांबद्दल मी खात्रीनं काही सांगू शकत नाही. पण तेही तुझ्या नशिबावर मांडू नकोस.

मग मे महिन्यातलं माझं ते नाटक. नंदुरबारला मी शिकवते त्या शाळेच्या कपाटातून बाटल्या आणून मी अंगणात शिशाला काळं करणारा तो वायू तयार केला, आणि सगळी गल्ली नाकाला पदर लावून जमली. आबा म्हणाले, "एवढी बडोदाले जाईसन शिकनी, आनि घरमा सडेल अंडास्ना वास काढस!" दगूकाकू म्हणाल्या, "जमना, सासरले गई तं हाऊच सैपाक करशी का व?" तू पदराआड हसत होतीस. तुला हसताना मी त्यानंतर फारसं पाहिलं नाही. मी दाराच्या पांढऱ्या पट्टीवर नळी धरली, आणि सगळ्यांच्या देखत ती पट्टी तपकिरी झाली, मग काळी. मग कुणी हसलं नाही.

आबा किती वेळ त्या काळ्या डागाकडे बघत होते. "मन्हा बापनी सुरतथीन आनेल शेतस ह्या दरवाजा," एवढंच म्हणाले. तेवढ्यात भिकन आला. हातातली वाटी त्याच्याच्यानं धरवेना, मनगट लुळं पडलं आणि दूध सांडलं. आबांनी वाटीकडे पाहिलं आणि हाक मारली, "पहार आन रे मगन."

काढण्याचं काम किती जपून केलं ते तू पाहिलंस. भिकनला आणि गल्लीतल्या पोरांना शेतावर पाठवलं. पोती भिजवून खाली अंथरली. कोरडं खरवडायचं नाही, पाणी मारत मारत खरवडायचं, म्हणजे भुकटी उडत नाही. मगनभाऊ कंटाळून म्हणायचा, दार घासतोय की म्हैस धुतोय. निघालेला सगळा रंग बांधाजवळ खोल खड्ड्यात पुरला. जमीन तीन वेळा ओल्या फडक्यानं पुसली. सपाट फळ्या स्वच्छ झाल्या, पण चौकटीच्या नक्षीत रंग तसाच अडकून राहिला. म्हणून दारं, चौकटी सगळं घराबाहेर काढून गोठ्यामागे वळचणीखाली रचलं. जमीन तापून दगड झाली होती. पाऊस पडला की तेही पुरायचं ठरलं, पण पेरणीच्या गडबडीत ते राहून गेलं.

आणि भिकन सुधारला, वहिनी. ते खोटं नव्हतं. श्रावणात मी सुट्टीला आले तर त्यानं अख्खी भाकरी खाल्ली. पोळ्याला त्यानं बैलाच्या गळ्यात माळ स्वतःच्या हातानं घातली आणि सगळ्यांना हात दाखवत फिरला, "दखा, दखा." मी नंदुरबारला परत जाताना एस. टी.त बसून रडले. मी शिकल्याचा घराला उपयोग झाला, असं वाटून रडले.

मग तुझं बाळंतपण आलं.

तुझी खोली बंद, खिडकीला गोधडी. बाजेखाली शेगडी, शेकासाठी दिवसरात्र निखारे. तुला आणि बाळाला ओव्याची, शेपेची धुरी. भिकन काही केल्या तुला सोडेना. तुझ्या पायथ्याशी बाजेवर झोपायचा, आणि सगळे म्हणाले, झोपू दे, भाऊ आहे. तुझ्या पोटात कळा यायच्या, त्या बाळंतपणाच्या म्हणून तुला आणखी शेक दिला.

पाऊस लांबला होता, शेतातली बाभळीची लाकडं ओली होती. गोठ्यामागचा साग वाळून खडखडीत. घरातल्या कुणीतरी त्या चौकटी फोडून शेकासाठी ठेवल्या. विष खाल्ल्यानं लागतं, आगीत जळून जातं, असं वाटून ठेवल्या. पण शिसं जळत नाही. ते धुरातून उठतं आणि राखेत उरतं. भिकनच्या हाडांत आधीचं बरंच होतं. त्याला थोडंसं पुरलं. पुन्हा पोट, पुन्हा ओकाऱ्या आणि मग झटके. पोरगी धुराच्या जगात पहिल्यांदाच श्वास घेत होती, तिच्या अंगात आधीचं त्याच्याइतकं काही नव्हतं. एवढाच फरक. तो पायगुणाचा फरक नाही.

आता माय हाक मारते आहे. उरलेलं उद्या लिहीन.

शुक्रवार

सकाळी माय कापसाच्या बोंडांतला कचरा निवडत बसली होती. मला म्हणाली, "तापीले लिखं का?"

मी म्हटलं, लिहिलं.

"वाच."

मी काल लिहिलेलं वाचलं. लाकडांचा निरोप वाचला, पारडीचं वाचलं, दारांचं वाचलं. "माय बरी आहे" हे वाचलं तेव्हा तिनं मान हलवली. शेकापाशी आले तेव्हा मी पानं खाली ठेवणार होते. ती म्हणाली, "पुढे." मी वाचलं.

ती बोंडं निवडतच म्हणाली, "आपला घरमा 'कुनीतरी' नावनं कोन ऱ्हास व?"

मी पानं सारखी करू लागले.

"मन्हं नाव लिख. धनुबाईनी जाळात, अशी लिख."

"माय, तुला माहीत नव्हतं."

"तेबी लिख. पन नंतर लिख. पहिले नाव लिख."

म्हणून लिहिते. त्या चौकटी मायनं जाळल्या.

वहिनी, मी हे काल टाळलं. मला वाटलं होतं, तुला लेक परत मिळावी आणि मायही तुझ्या मनातून जाऊ नये, असं पत्र लिहिता येईल. शब्द नीट निवडले तर जमेल. तसं पत्र नाही लिहिता येत.

मला कसं कळलं तेही सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा तुझी खोली तशीच होती. शेगडीच्या तळाशी बोटाएवढं अर्धवट जळलेलं लाकूड होतं, त्याच्या खाचेत हिरवा रंग. तुझ्या लग्नाचा हिरवा. मे महिन्यात मी सगळ्यांना खाऊ नका सांगितलं, हात धुवा सांगितलं, भुकटी उडू देऊ नका सांगितलं. सुरतेहून आणलेलं सागाचं दार कुणी जाळील, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तरी खात्री हवी होती. परवा माय ओढ्यावर गेली असं पाहून मी शेगडीतली राख गोठ्यामागे नेली, पातळ आम्लात ढवळली आणि पुन्हा तो वायू सोडला. वास सुटला. आणि मायला तिथेच, कुंपणाच्या पलीकडे, तो वास ओळखू आला. धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन ती येऊन उभी राहिली.

"हाऊ तं तोच वास शे."

मी म्हटलं, "काही नही माय. शाळानं काम शे."

"शाळानं काम, आनि राख मन्ही शेगडीनी?"

काचेच्या पेल्यात तोवर काळं झालं होतं. मी तो पदराखाली घेतला. तिनं पाटी खाली ठेवली, माझा हात बाजूला केला आणि पेल्यात बघितलं. ती शाळेत गेलेली नाही, पण मे महिन्यात तिनं सगळ्यांच्या मागे उभं राहून दार काळं होताना पाहिलं होतं. तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"इख पोटमा गयं तं लागस," ती म्हणाली. "आगमा गयं म्हनजे जळी जास ना व, जमना?"

वहिनी, मी खोटं बोलू शकले असते. हो म्हणाले असते तर तिनं मानलं असतं. मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर ती गोठ्यामागेच बसून होती. आबा आले, परत गेले. मी पाणी नेलं, ते तिनं म्हशीला घातलं. मग बोलली ती फक्त लाकडांबद्दल. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात, म्हणजे मगनभाऊच्या वेळी, तिला ओल्या बाभळीचा शेक मिळाला होता. धुरानं डोळे सुजायचे, कूस बदलायला जागा नव्हती, सासूला सांगायची सोय नव्हती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की आपल्या सुनेला असा धूर सोसायला लावायचा नाही. गोठ्यामागच्या चौकटींना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. कुऱ्हाड घेऊन स्वतः फोडल्या, एकसारखे तुकडे केले, सागाचा निखारा जास्त टिकतो म्हणून. आणि तू माहेरी निघालीस तेव्हा उरलेले तुकडे मोळी बांधून गाडीत ठेवले. तुझ्या आईकडे ओली लाकडं असतील तर, म्हणून.

हे तिनं मला लिहायला सांगितलेलं नाही. हे माझं मी लिहिते.

आज सकाळी मी तिला विचारलं, की तापीवहिनीनं तुझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं तर? ती माझ्यावरच चिडली. "सासूना राग धरीसन कितल्या बाया जगन्यात. पोटनी आंडेरना राग धरीसन ती कशी जगी? तिले राग करना व्हई तं मन्हा करू दे. पोरना नको." मग बोंडं तशीच टाकून उठली.

मला तुझ्याकडून मायसाठी क्षमा मागायची नाही. मागायची असती तर तिनंच मागितली असती. तू तिच्यावर रागाव. तुला हवं तर पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस, मगनभाऊ तुझ्याकडे येईल, तो नुसतं तू बोलावण्याची वाट पाहतो आहे. माझ्यावर रागाव, की एवढी शिकून अर्धंच सांगितलं. रागाला जागा पुष्कळ आहे. पण जिला अजून मान सावरता येत नाही, तिच्या अंगावर तो नको.

एक काम उशीर न करता कर. मगनभाऊ सोमवारी गाडी घेऊन म्हसावदला येतो आहे. तू आणि बाळ दोघींनी त्याच्याबरोबर नंदुरबारला जायचं. डॉक्टर तुम्हाला दोघींना तपासतील. मी त्यांच्याशी बोलले आहे. ते म्हणाले, धूर थांबला आहे ना, मग आशा ठेवायला हरकत नाही. आशा हा शब्द त्यांनी वापरला, मी वाढवून लिहिलेलं नाही.

मायही गाडीत येणार म्हणते. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मी घरमा येवाव नही. बाहेर बशी ऱ्हासू. तिनी पोरले मांडीवर लिधं एवढं दखसू, आनि परत जासू." तिला येऊ द्यायचं की नाही ते तू ठरव, रूपचंदभाऊजवळ सांगून पाठव. तू नाही म्हटलंस तर मी तिला अडवीन.

मला भिकनची आठवण येते. शाळेत मुलींना शिकवताना फळ्यावर शिशाचं चिन्ह लिहावं लागतं. गेल्या सत्रात मी तो धडा वगळला. पुढच्या सत्रात नाही वगळणार. त्या मुलींच्याही घरांना दारं आहेत.

शेवटचं. भिकनच्या कानात त्याचं नाव पहिल्यांदा मी म्हटलं होतं, फुईचा तो मान असतो म्हणून. त्यानं माझ्या कानातलं ओढलं होतं, तू म्हणालीस, लगेच हक्क मागायला लागला. तुझ्या लेकीच्या कानात अजून कुणी काही म्हटलेलं नाही. या घरात तिच्यासाठी पाळणा बांधलाच गेला नाही. मी नाव शोधलेलं नाही. शोधण्याचा हक्क आहे असं आत्ता वाटत नाही. ज्या दिवशी तू तिला स्वतःहून उचलशील आणि तिच्याकडे नीट बघशील, त्या दिवशी ती कुणासारखी दिसते ते मला दोन ओळी लिहून कळव. जोडाक्षरं चुकली तरी चालतील. मग मी येईन.

तोवर, तुझ्या बिननावाच्या लेकीची फुई,
जमना